लिओपोल्ड कॅफे, कुलाबा: भिंतीवरच्या खुणांसह

१८७१ साली सुरू झालेल्या या इराणी वळणाच्या कॅफेत जागा मिळायला संध्याकाळी थांबावे लागते, आणि ते थांबणे खाण्याइतकेच पाहण्यासाठीही असते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री येथे झाडलेल्या गोळ्यांच्या खुणा मालकांनी बुजवल्या नाहीत. आमच्या टेबलामागे एक भोक होते, बोटाचे टोक मावेल एवढे, कडेचा गिलावा उडालेले.

या हल्ल्यात शहरात १६६ जण मारले गेले. इंग्लंडचा क्रिकेट संघ दौरा अर्धवट सोडून परतला आणि भारतात खेळणे सुरक्षित आहे का, हा प्रश्न जगभर विचारला गेला. तोच संघ डिसेंबरात चेन्नईच्या कसोटीसाठी परत आला, सचिनने नाबाद १०३ धावा करून सामना जिंकून दिला, आणि देशाची पत सावरण्यास त्या आठवड्याने मोठा हातभार लावला, असे मला वाटते. गेटवेसमोर हजारो लोक मेणबत्त्या घेऊन जमले, तेव्हा एकजुटीइतकाच सरकारवरचा संतापही तेथे होता. ‘मुंबई स्पिरिट’ म्हणून कौतुक करणारे हे सोयीस्करपणे विसरतात.

खाण्याविषयी थोडक्यात: चिली चिकन चांगले, बिअर थंडगार, गोंगाट भरपूर. आमच्या शेजारच्या टेबलावरील परदेशी पाहुण्याने भिंतीकडे बोट दाखवून वेटरला काही विचारले. त्याने शांतपणे सारे सांगितले आणि मग ऑर्डर लिहून घेतली.