डान्सर टूची कॉन्फिग: सियागंजच्या ऑर्डर ॲपवर वापरून बघितलेली

पर्ल या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत आता कोण वेब ॲप लिहितं असं विचारणारे इंदूरमध्ये पुष्कळ भेटतात, पण माझ्याकडे जे काम आहे ते सियागंज या इथल्याच घाऊक बाजारातल्या एका किराणा होलसेलवाल्या सेठजींचं आहे, त्यांचं दरपत्रक, स्टॉक, उधारीचा हिशेब सगळं वर्षानुवर्षं पर्लच्या स्क्रिप्टवर चालतं आणि उत्तम चालतं, त्यामुळे देवास, उज्जैन, महूच्या दुकानदारांना मोबाइलवरून ऑर्डर टाकता यावी असं ठरलं तेव्हा ॲपही पर्लमध्येच झालं आणि फ्रेमवर्क, म्हणजे वेब ॲपचा तयार सांगाडा, घेतलं डान्सर टू (Dancer2). राउट (कुठल्या पत्त्यावर कुठला कोड चालायचा ते) कसे लिहायचे, टेम्प्लेट (पानाचा साचा) कसं लावायचं यावर नेटवर ढीगभर आहे. मी लिहितोय ते फक्त कॉन्फिग सेटिंग्जबद्दल, म्हणजे ॲपने कसं वागायचं हे कोडबाहेर फाइल्समध्ये लिहून ठेवतात त्याबद्दल, कारण ॲप लॅपटॉपवरून सर्व्हरवर जातं तेव्हा सगळी खरी झटापट तिथेच होते.

आधी निकाल सांगून टाकतो, पाचपैकी चार तारे. रचना फार चांगली आहे, एक तारा कापलाय तो गप्प बसण्याच्या सवयीबद्दल, त्यावर खाली लिहिलंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मूळ डान्सर २००९ मध्ये रूबी भाषेतल्या सिनात्रा या फ्रेमवर्कवरून सुचून आलं, डान्सर टू म्हणजे तेच पुन्हा पहिल्यापासून लिहिलेलं. प्लॅक या पर्ल ॲप आणि वेब सर्व्हर जोडणाऱ्या थरावर चालतं, म्हणजे पुढे स्टारमन हा सर्व्हर लावा नाहीतर पीएसजीआय ही जोडणीची पद्धत पाळणारा दुसरा कुठलाही सर्व्हर, कोडला हात लावावा लागत नाही.

आता कॉन्फिग. ॲपच्या मुख्य फोल्डरमध्ये कॉन्फिग डॉट वायएमएल (config.yml) नावाची, यामल या साध्या मजकुरी पद्धतीत लिहिलेली फाइल असते, सगळीकडे लागू पडणाऱ्या गोष्टी तिच्यात, जसं ॲपचं नाव, लेआउट, टेम्प्लेट इंजिन, कॅरेक्टर सेट. शेजारी एन्व्हायर्नमेंट्स नावाचा फोल्डर, त्यात डेव्हलपमेंटची (लॅपटॉपवर काम चालू असतानाची) एक फाइल आणि प्रॉडक्शनची (खऱ्या वापराच्या सर्व्हरवरची) एक. शिवाय या प्रत्येक फाइलला नावाच्या शेवटी अंडरस्कोर लोकल (_local) लावून एक जोडीदार देता येतो. वाचायचा क्रम असा की आधी मुख्य फाइल, मग तिची लोकल, मग एन्व्हायर्नमेंटची, मग तिची लोकल, आणि नंतरची आधीचीवर चढते. आणि चढते म्हणजे आधीचं सगळं पुसून नाही चढत, आतल्या आत मिसळते. हे मला सगळ्यात जास्त आवडलं. डेटाबेसचा ड्रायव्हर, होस्ट, बाकीचे पर्याय मुख्य फाइलमध्ये एकदा लिहून ठेवले, सर्व्हरवरच्या लोकल फाइलमध्ये फक्त पासवर्डची एक ओळ, बास. ती लोकल फाइल आम्ही गिटमध्ये (कोड साठवायच्या जागी) टाकतच नाही, त्यामुळे कोड कोणालाही दाखवा, पासवर्ड बाहेर पडायची भीती नाही. कॅटॅलिस्ट या दुसऱ्या पर्ल फ्रेमवर्कवाल्यांना लोकल फाइलची सवय आधीपासून आहेच, पण डान्सर टूमध्ये ती एन्व्हायर्नमेंटशी जोडलेली असल्यामुळे जास्त कामाची वाटली. फाइल्स वेगळ्या जागी ठेवायच्या असतील तर डान्सर कॉन्फडिर (DANCER_CONFDIR) हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, म्हणजे प्रोग्राम सुरू करताना बाहेरून दिलेली किंमत, द्यायचा, मग कॉन्फिग ॲपच्या फोल्डरबाहेर राहते.

कुठलं एन्व्हायर्नमेंट चालू आहे हे आधी डान्सर एन्व्हायर्नमेंट (DANCER_ENVIRONMENT) व्हेरिएबलवरून ठरतं, ते नसेल तर प्लॅक एन्व्हवरून (PLACK_ENV), दोन्ही नसतील तर डेव्हलपमेंट. इथे एक जागा फार लक्ष देऊन बघण्यासारखी आहे. स्टारमन काही न सांगता सुरू केला तर तो स्वतःहून एन्व्हायर्नमेंटचं नाव डिप्लॉयमेंट असं ठेवतो, प्रॉडक्शन नाही! मग डान्सर टू डिप्लॉयमेंट डॉट वायएमएल शोधतं, ती नसते, आणि ते काहीही न बोलता नुसत्या मुख्य फाइलवर पुढे चालू पडतं. तुम्ही प्रॉडक्शनच्या फाइलमध्ये कितीही काळजीने लिहा, त्यातलं एक अक्षर वाचलं जात नाही आणि ॲप तर दिसायला व्यवस्थित सुरू असतं. म्हणून सर्व्हरवर ॲप सुरू करणाऱ्या सर्व्हिसच्या फाइलमध्ये एन्व्हायर्नमेंट स्पष्ट लिहाच. एन्व्हायर्नमेंटची फाइल सापडली नाही एवढी एक ओळ लॉगमध्ये आली असती तरी लोकांचे तास वाचले असते. गप्प बसण्याची सवय म्हणालो ती ही.

तिचंच दुसरं रूप म्हणजे सेटिंगच्या नावात स्पेलिंग चुकलं तरी ते निमूट स्वीकारलं जातं. कॉन्फिग शेवटी एक हॅश आहे, म्हणजे पर्लमधला नाव-किंमत जोड्यांचा संच, त्यात कुठलीही की (म्हणजे नाव) बसते, स्वतःच्या कामाच्या कीज घालायची मोकळीकही त्यामुळेच मिळते, ते मला कळतं, आम्ही जीएसटीचे दर आणि ऑर्डरची किमान रक्कम तशाच ठेवल्यात. पण फ्रेमवर्कच्या स्वतःच्या सेटिंगशी एका अक्षराने फरक असलेली की दिसली तर इशारा द्यायला हवा, हे माझं ठाम मत आहे.

आता सेशन, म्हणजे लॉगिन झालेला माणूस कोण हे ॲप लक्षात ठेवतं ते. यावर सगळ्यात जास्त लिहितोय कारण दुकानातल्या माणसाला त्रास याचाच होतो.

चाचणीच्या वेळी मुनीमजी दुकानाच्या गादीवर बसून मोबाइलवर ऑर्डर टाकत होते. लॉगिन झालं, जिऱ्याची पोती टाकली, धन्याची टाकली, हळदीवर बोट ठेवलं आणि समोर परत लॉगिनचं पान. मागे गेले तर ऑर्डर जशीच्या तशी दिसतेय. परत पुढे, परत लॉगिन. मला म्हणाले, भिया, ये तो घड़ी-घड़ी पासवर्ड मांग रिया है. लॅपटॉपवर असं कधीच होत नव्हतं, आणि कारण अगदी साधं आहे. डान्सर टूचं मूळ सेशन इंजिन म्हणजे सिंपल, ते सेशन प्रोसेसच्या मेमरीत ठेवतं. लॅपटॉपवर प्रोसेस एकच असते त्यामुळे सगळं गोड. सर्व्हरवर स्टारमन मुळात ५ वर्कर, म्हणजे वेगवेगळ्या प्रोसेस, उभे करतो, प्रत्येकाची मेमरी वेगळी, लॉगिन झालं एका वर्करकडे आणि हळदीची रिक्वेस्ट गेली दुसऱ्याकडे, त्या बिचाऱ्याला मुनीमजी कोण हे माहीतच नाही. वर सर्व्हिस रीस्टार्ट झाली की सगळ्यांची सेशन्स एकदम गायब.

उपाय कॉन्फिगमध्येच आहे, एका ओळीत सेशन इंजिन बदलायचं. यामलवालं इंजिन डान्सर टूबरोबरच येतं, ते प्रत्येक सेशनची फाइल डिस्कवर लिहितं, सगळे वर्कर तीच वाचतात, छोट्या ॲपला पुरे, फक्त जुन्या फाइल्स साफ करायला क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लावून ठेवा. कुकीवालं (कुकी म्हणजे ब्राउझरमध्ये राहणारी छोटी नोंद) इंजिन सीपॅन या पर्ल मॉड्यूलांच्या साठ्यातून वेगळं घ्यावं लागतं, त्याला सीक्रेट की द्यायची, सेशन एन्क्रिप्ट होऊन ब्राउझरमध्येच राहतं, पण कुकीत साधारण ४ केबीच्या वर काही बसत नाही हे धरून चाला. रेडिस आणि मेमकॅश्ड या मेमरीत डेटा ठेवणाऱ्या सर्व्हरसाठीही इंजिनं आहेत. आम्ही यामलवर थांबलो, सियागंजच्या एका गादीच्या गिऱ्हाइकांना ते भरपूर आहे.

इंजिनचे बारीक पर्याय एन्जिन्स या भागात, त्याखाली सेशन, त्याखाली इंजिनचं नाव असे आत आत लिहायचे. कुकीचं नाव मुळात डान्सर डॉट सेशन असतं, ते बदला, एकाच डोमेनवर दोन ॲप असतील तर एकमेकांची कुकी पुसतात. सेशनचा कालावधी सेकंदांत द्यायचा, दुकानाच्या दिवसाला २८८०० म्हणजे ८ तास बरोबर बसतात. एचटीटीपी ओन्ली (पानावरच्या जावास्क्रिप्टला कुकी वाचू न देणारी सेटिंग) आधीपासून चालू असतं, छान गोष्ट आहे. सिक्युअरवाली (कुकी फक्त एचटीटीपीएसवर पाठवणारी) सेटिंग मात्र आपण चालू करायची, आणि ती प्रॉडक्शनच्या फाइलमध्येच, कारण लॅपटॉपवर एचटीटीपीएस नसतं आणि मग लॉगिन टिकेलच असं नाही. एन्व्हायर्नमेंटच्या फाइल्स वेगळ्या असण्याचा उपयोग अशा ठिकाणी कळतो.

ॲपच्या पुढे एनजिनएक्स हा प्रॉक्सी (आलेल्या रिक्वेस्ट ॲपकडे पोचवणारा सर्व्हर) असेल, आणि तो बहुतेकांकडे असतोच, तर बिहाइंड प्रॉक्सी ही सेटिंग १ करा. नाहीतर ॲपला वाटतं आपण साध्या एचटीटीपीवर आणि आतल्या पोर्टवर बसलोय, मग रीडायरेक्ट होताना पत्ता भलताच तयार होतो. सेटिंग चालू केली की ते एक्स फॉरवर्डेड होस्ट आणि प्रोटोकॉलचे हेडर (रिक्वेस्टसोबत येणारी माहिती) बघून पत्ता बनवतं, अर्थात एनजिनएक्सने ते हेडर पाठवायला हवेत, ते त्याच्या फाइलमध्ये लिहावं लागतं. पुढे प्रॉक्सी नसेल तर ही सेटिंग चालू ठेवू नका, कोणीही खोटे हेडर पाठवून ॲपला फसवू शकतं.

देवनागरीबद्दल खास. आमच्या यादीत मालाची नावं हिंदी-मराठीत आहेत, आणि मुनीमजींना इंग्रजी नावं चालत नाहीत, चालायचं कारणही नाही. कॅरेक्टर सेटच्या सेटिंगमध्ये यूटीएफ-८ (देवनागरीसह सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) असलंच पाहिजे, नवीन ॲप तयार केलं की फाइलमध्ये ती ओळ असते, ती काढू नका. मला भारी आवडलेली गोष्ट अशी की डेटाबेस प्लगइन वापरलं आणि ही सेटिंग यूटीएफ-८ असली की प्लगइन डेटाबेसच्या जोडणीलाही स्वतःहून यूटीएफ-८ लावतं, ड्रायव्हर त्याला ओळखीचा असला म्हणजे झालं. म्हणजे पानावर, फॉर्ममध्ये, डेटाबेसमध्ये सगळीकडे साबूदाणा साबूदाणाच राहतो. कोडच्या फाइलमध्ये देवनागरी लिहीत असाल तर वर यूज यूटीएफ-८ ही ओळ वेगळी लागते, ते पर्लचं काम, कॉन्फिगचं नाही. ज्यांनी जुन्या पर्ल स्क्रिप्टमध्ये जोडाक्षरांच्या जागी चिन्हांचा कचरा बघितलाय त्यांना याची किंमत कळेल.

यामलच्या खोड्या वेगळ्या. ओळ आत सरकवायला टॅब चालत नाही, स्पेसच लागते. पासवर्डमध्ये कोलन, हॅशचं चिन्ह (#) किंवा सुरुवातीला ॲटचं चिन्ह असेल तर कोटमध्ये घाला, एरवी स्पेसनंतर हॅश आला की पुढचं सगळं कॉमेंट होऊन जातं आणि डेटाबेस उघडत नाही. आणि ट्रू-फॉल्स लिहू नका. पर्लचं साधं यामल मॉड्यूल फॉल्स हा नुसता शब्द म्हणून वाचतं, आणि पर्लमध्ये रिकामा नसलेला शब्द म्हणजे खरं! म्हणजे बंद करायला लिहिलेली सेटिंग चालू होते. एक्सएसवालं (YAML::XS) मॉड्यूल बरोबर वाचतं, पण कुठल्या सर्व्हरवर कुठलं मॉड्यूल बसवलंय हे कोण बघत बसणार, सरळ ० आणि १ लिहा. यामल नकोच असेल तर जेसन (JSON) या दुसऱ्या पद्धतीत किंवा पर्लच्या हॅशमध्येही फाइल लिहिता येते, आतमध्ये कॉन्फिग एनी हे मॉड्यूल वाचायचं काम करतं. मोजोलिशस या आणखी एका पर्ल फ्रेमवर्कमध्येही पर्लच्या हॅशमध्ये कॉन्फिग लिहायची सोय आहे आणि ज्यांना फक्त पर्लच वाचायचंय त्यांना ते जास्त रुचेल. मला यामल बरं वाटलं कारण सेठजींचा मुलगा स्वतः फाइल उघडून ऑर्डरची किमान रक्कम बदलू शकतो, त्याला पर्ल येत नाही आणि यायची गरजही नाही.

लॉगिंगचं पटकन. डेव्हलपमेंटला कन्सोल आणि पातळी कोर, म्हणजे फ्रेमवर्कचं स्वतःचं बोलणंही दिसतं, प्रॉडक्शनला फाइल आणि पातळी वॉर्निंग. चुका ब्राउझरवर तपशिलात दाखवायची सेटिंग प्रॉडक्शनमध्ये ० पाहिजेच. त्या पानावर पासवर्डसारखी दिसणारी माहिती झाकायचा प्रयत्न डान्सर टू करतं खरं, पण त्यावर विसंबू नका असं त्यांच्या कागदपत्रांतही लिहिलंय. नो सर्व्हर टोकन्स १ केलं की उत्तराच्या हेडरमध्ये डान्सर टूची आवृत्ती जाहीर होत नाही.

कागदपत्रं मेटासीपॅन या पर्ल मॉड्यूलांच्या संकेतस्थळावर आहेत, डान्सर टू कॉन्फिग नावाचं एकच पान, आणि मशीनवर पर्लडॉक या कमांडनेही उघडतं, नेट नसलं तरी. प्रत्येक सेटिंगचं नीट वर्णन आहे पण सेशन इंजिन आणि वर्करचा संबंध तिथे ठळक लिहायला हवा होता, नवीन माणूस पहिल्यांदा तिथेच अडकतो.

मोबाइल ॲपला मागून जेसन देणारं छोटं एपीआय, दुकानाचं, संस्थेचं आतलं ॲप, पोर्टल अशा कामांना मी हे बिनधास्त घ्या म्हणेन. सेठजींचं दुसरं गोदाम आता सुरू होतंय, त्यांना तिथे हेच ॲप वेगळ्या डेटाबेसवर हवंय. एन्व्हायर्नमेंटचं नाव आपल्याला पाहिजे ते ठेवता येतं, त्यामुळे गोदाम डॉट वायएमएल अशी एक फाइल केलीय, त्यात डेटाबेसचं नाव, कुकीचं नाव आणि लॉगची जागा, कोडची एकही ओळ बदललेली नाही.