लेकर एअरवेजची ‘स्कायट्रेन’: एका स्वस्त विमानसेवेचे परीक्षण
फ्रेडी लेकर यांनी १९६६ मध्ये चार्टर (म्हणजे अख्खे विमान भाड्याने दिलेल्या) उड्डाणांसाठी उभारलेल्या या ब्रिटिश कंपनीची ‘स्कायट्रेन’ सेवा मला मनापासून मोलाची वाटते. सप्टेंबर १९७७ पासून लंडनच्या गॅटविकहून न्यूयॉर्कला केवळ ५९ पौंडांत जाता येई. आगाऊ आरक्षण नव्हते, तिकीट आयत्या वेळी रांगेत उभे राहून घ्यावे लागे आणि जेवणाचे पैसे वेगळे पडत, तरीही बेताच्या उत्पन्नाच्या माणसाला अटलांटिक ओलांडणे तिने शक्य केले. चूक झाली ती विस्ताराच्या घाईत. विमानांसाठी काढलेले डॉलरमधील कर्ज, घसरता पौंड, मंदी आणि मोठ्या कंपन्यांची भाडेकपात यांमुळे ५ फेब्रुवारी १९८२ रोजी कंपनी बुडाली. प्रतिस्पर्ध्यांनी संगनमताने कंपनी बुडवली, असा त्यांच्यावर लावलेला दावा १९८५ मध्ये न्यायालयाबाहेर मिटला. प्रवाशांची सेवा मात्र परत आली नाही.