नाचता येईना, स्टिक वाकडी: लो बो स्टिकसोबत आठ महिने

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे पुढचं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. वय ४१. कॉलेजात हॉकी खेळले, मग पंधरा-सोळा वर्षं स्टिकला हात नाही, आणि आता तीन वर्षांपासून क्लबच्या तिसऱ्या संघात फुलबॅक, म्हणजे गोलच्या पुढ्यात मागे राहून बचाव करणारी. तिसरा म्हणजे सगळ्यात खालचा. चौथा असता तर मी चौथ्यात असते. सामने शनिवारी नाहीतर रविवारी, ३५-३५ मिनिटांचे दोन हाफ. आंतरराष्ट्रीय हॉकी केव्हाच १५ मिनिटांच्या चार क्वार्टरवर गेली, आमची लीग अजून जुन्याच घड्याळावर चालते. आठ महिन्यांत या स्टिकनं मी २७ सामने खेळले. त्यातले दोन अर्धवट, कारण एकदा पाऊस आणि एकदा माझी पोटरी.

स्टिक अशी: ३६.५ इंच, ९० टक्के कार्बन, लो बो. वजन ५३० ग्रॅम लिहिलंय, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ५४१ भरलं (मूळची ग्रिप धरून). नियमात ७३७ ग्रॅमपर्यंत मुभा आहे, त्यामुळे दहा-अकरा ग्रॅमवरून भांडण्यात अर्थ नाही. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण अशा घडणीची स्टिक जवळपास प्रत्येक कंपनीकडे मिळते आणि मला जे सांगायचंय ते घडणीबद्दल आहे.

लो बो म्हणजे काय ते माहीत नसेल त्यांच्यासाठी. स्टिक सपाट बाजू खाली करून टेबलावर ठेवली की मधे कमानीसारखी फट दिसते. ती फट म्हणजे बो. नियमाप्रमाणे ती २५ मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही, आणि कमानीचा सगळ्यात उंच बिंदू हेडच्या (बॉल मारायचं खालचं वळलेलं टोक) तळापासून २०० मिलिमीटरच्या खाली आणता येत नाही. माझ्या स्टिकची कमान या दोन्ही मर्यादांना अगदी चिकटून आहे. साध्या स्टिकची कमान उथळ असते आणि बरीच वर, मधल्या भागाकडे असते. कमान खाली आणण्याचं कारण ड्रॅग फ्लिक, म्हणजे बॉल स्टिकला लावून ओढत नेऊन गोलकडे भिरकावणं. फ्लिक मारताना बॉल त्या खोबणीत बसतो, दांड्यावरून घसरत हेडकडे येतो आणि गोफणीतून सुटावा तसा सुटतो.

आता तुम्ही विचाराल, फुलबॅकला ड्रॅग फ्लिक कशाला? बरोबर आहे. मीही घेण्याआधी विचारायला हवं होतं. जुनी स्टिक हेडपाशी चिरली होती, नवी घ्यायचीच होती, आणि विकणाऱ्यानं "वरच्या लेव्हलचे सगळे हेच वापरतात" म्हटल्यावर माझ्यातली कॉलेजातली मुलगी जागी झाली. ती अधूनमधून जागी होते. पोटरी दुखावली तेव्हाही तीच जागी झाली होती.

पहिल्याच सरावात बॉल उडायला लागला. पुश (नुसतं ढकलणं) ठीक होता, स्लॅपही (स्टिक जमिनीलगत फिरवून मारणं) जमत होता, पण स्टिक पूर्ण मागे उचलून हिट मारली की बॉल गुडघ्याच्या उंचीनं जायचा. मला वाटलं, हात बसायला वेळ लागेल. तिसऱ्या सामन्यात आमच्याच डीमधून (गोलसमोरचं अर्धवर्तुळ) बॉल बाहेर काढायला जोरात हिट मारली आणि तो समोरून धावत आलेल्या फॉरवर्डच्या मांडीजवळून सणसणत गेला. बिचारी वळली म्हणून वाचली. शिट्टी वाजली, त्यांना पेनल्टी कॉर्नर मिळाला (गोलरेषेवरून बॉल बाहेर ढकलायचा, डीच्या कडेवर थांबवायचा आणि गोलवर मारायचा), त्यावर गोल झाला. त्या दिवशी पंच होती आमच्याच दुसऱ्या संघातली मुलगी. (वीकेंड लीगमध्ये पंच बाहेरून येत नाहीत, दोन्ही क्लबांनी एकेक द्यायचा असतो.) सामना संपल्यावर ती जवळ येऊन म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी कार्ड काढावं लागेल हं मला." ग्रीन कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर. अकराव्या खेळाडूची वाट बघत सामना सुरू करणाऱ्या संघाला ती दोन मिनिटं फार मोठी असतात.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात. इथे स्टिक खरोखरच वाकडी होती, तरी दोष बराचसा माझाच होता. दांडा खालच्या बाजूला वाकलेला असल्यानं, जुन्या सवयीनं उभं राहून जुन्याच पद्धतीनं पकडलं की हेडचं तोंड किंचित आकाशाकडे वळतं. डोळ्यांना कळत नाही, बॉलला कळतं. उपाय तीन सापडले. हात बॉलच्या थोडे पुढे ठेवायचे. तोंड जमिनीकडे केसभर झुकेल अशी पकड फिरवून घ्यायची. आणि बॉल पुढच्या पायाच्या फार पुढे जाऊ द्यायचा नाही. हे लिहायला एक मिनिट लागलं, अंगवळणी पडायला अडीच महिने. आठवड्यातून एक सराव आणि एक सामना एवढंच खेळणाऱ्या माणसाचे अडीच महिने, हे लक्षात घ्या. रोज खेळणाऱ्याला दोन आठवडे पुरतील. आजही सामन्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत दमले की सवय सुटते आणि बॉल उडतो. म्हणून त्या वेळात मी हिट मारतच नाही. स्लॅप नाहीतर पुश.

थांबवण्याबद्दल लोक कमी लिहितात आणि फुलबॅकचं निम्मं काम तेच असतं. स्टिक उभी धरून जोरात आलेला बॉल थांबवायचा तर हीच गोष्ट पुन्हा येते: हात पुढे नसले की बॉल स्टिकवरून टप्पा घेऊन वर. त्यात ९० टक्के कार्बन, म्हणजे स्टिक कडक, बॉल आपटून परत निघतो. जुन्या स्टिकमध्ये फायबरग्लास जास्त होतं, ती बॉल जरा पिऊन घ्यायची. या स्टिकला मनगट सैल ठेवून मागे घ्यावं लागतं, नाहीतर पहिला टच थेट समोरच्या फॉरवर्डला पास. थंडीच्या सकाळी टोकाला लागलेला बॉल तर कोपरापर्यंत झिणझिण्या आणतो. रिव्हर्सवर (डाव्या बाजूला, स्टिक उलटी फिरवून) उभ्या स्टिकनं थांबवणं मी सोडूनच दिलंय. गुडघा वाकवते आणि स्टिक आडवी टाकते.

आडवी टाकली की मात्र ही स्टिक सोनं आहे. कमान समोरच्या बाजूला खोलगट असल्यामुळे फ्लॅट टॅकलमध्ये बॉल तिच्यात सापडतो, निसटून टोकाकडे पळत नाही. पेनल्टी कॉर्नरला आमच्या संघात स्टॉपर, म्हणजे ढकललेला बॉल थांबवणारी, मीच असते (धावायचं कमी म्हणून मला दिलेलं काम), आणि तिथे या आठ महिन्यांत माझ्या हातून चारच बॉल सुटले. आधीच्या सीझनला मी मोजणंच बंद केलं होतं.

दुसरी चैन म्हणजे स्कूप, बॉल उचलून सगळ्यांच्या डोक्यावरून टाकणं. प्रेस लावून तिघीचौघी अंगावर आल्या की पूर्वी मी बॉल साइडलाइनबाहेर घालवायचे. आता खोबणीत घेऊन वरून काढते, पंचवीस-तीस मीटर सहज जातो. एवढा लांब स्कूप मला कॉलेजातही जमत नव्हता, तेव्हा याचं श्रेय मी स्टिकला देते. पण वीकेंडच्या सामन्यात स्कूप मारणं म्हणजे वाद ओढवून घेणं. बॉल खाली येताना तो घेणाऱ्या प्रतिस्पर्ध्यापासून पाच मीटर लांब राहायचं, आणि घेणारा आधी कोण हे स्पष्ट नसेल तर बॉल उचलणाऱ्या संघानं मागे हटायचं, असा नियम. आमच्या फॉरवर्डना तो ठाऊक असतो, फक्त बॉल हवेत असताना आठवत नाही. दोन मुली खाली, मान वर करून उभ्या, दोघी ओरडतायत "माझा, माझा", आणि मी मागून जीव मुठीत धरून "मागे हो" म्हणून किंचाळतेय, असं चित्र बऱ्याच रविवारी दिसलं. आता स्कूप रिकाम्या जागेतच टाकायचा, असं आम्ही ठरवलंय. रिकामी जागा मिळेपर्यंत बहुधा बॉल गेलेला असतो.

झीज. आमचं मैदान वाळू भरलेल्या टर्फचं आहे, पाण्याच्या टर्फवर वर्षातून तीनचार सामने मिळतात. वाळू म्हणजे बारीक पॉलिश पेपरच. हेडच्या तळाचा रंग तिसऱ्या सामन्यात गेला, दोन महिन्यांत खालचं काळं कार्बन दिसायला लागलं, पाचव्या महिन्यात टोकाशी नखाएवढा टवका उडाला. आडवी स्टिक जास्त वापरल्यानं कडा लवकर झिजते, तेव्हा त्यातला निम्मा दोष माझा. टवक्याची कड धारदार झाली होती आणि धारदार कडेची स्टिक नियमात बसत नाही, म्हणून पॉलिश पेपर ओला करून हलक्या हातानं घासली आणि वरून इपॉक्सीचा पातळ थर दिला. ओला यासाठी की कार्बनची भुकटी हवेत उडू नये. ती अंगावर बसली की दिवसभर खाजते, नाकात गेलेली त्याहून वाईट. पॅचवर टेप गुंडाळायची असेल तर बेतानं. टेप धरून स्टिक ५१ मिलिमीटरच्या कड्यातून पार जावी लागते. आमच्या पंचांकडे ते कडं कधीच नसतं, पण ज्या दिवशी असेल त्या दिवशी वाद घालता येणार नाही.

दांड्याला अजून चीर नाही. दर महिन्याला अंगठ्यानं ठोकून आवाज ऐकते. टणक येतोय तोवर ठीक, भद्द आला की आतून गेली समजायचं. कडकपणा मात्र साधारण चौथ्या महिन्यापासून थोडा उतरलाय आणि माझ्या दृष्टीनं स्टिक त्यामुळे सुधारली. फ्लिक मारणारे बहुतेक याच कारणानं ती बदलतील. मूळची ग्रिप निव्वळ दिखाऊ होती, घामानं साबणासारखी व्हायची. मऊ चामड्यासारखी जाड ग्रिप चढवली, तीही आतापर्यंत दोनदा बदलली.

कुणी घ्यावी? कॉर्नरला फ्लिक मारत असाल, बॉल ओढत नेऊन खेळायची सवय असेल, आणि आठवड्यात दोन सरावांना जाता येत असेल, तर बिनधास्त. मागे खेळणारे, जोरात हिट मारून बॉल बाहेर काढणारे, बऱ्याच वर्षांनी परतलेले, या सगळ्यांनी मिड बो (कमान वर, मधल्या भागाकडे असलेली) बघावी आणि कार्बन ५०-६० टक्क्यांवर थांबवावं. ताकद कमी पडेल ही भीती नको. आमच्या लीगमध्ये ताकद कमी पडल्यामुळे हरलेला सामना मी पाहिलेला नाही. टच सुटल्यामुळे हरलेले पंधरा तरी सांगता येतील.

आता मूळ गोष्ट, जिच्यामुळे हे सगळं लिहायला बसले. आमच्याकडे एकोणीस वर्षांची एक मिडफिल्डर आहे, तिची स्टिक मिड बो. सरावात गंमत म्हणून तिनं माझ्या स्टिकनं फ्लिक मारला आणि बॉल गोलच्या वरच्या कोपऱ्यात. पुन्हा मारला, पुन्हा तिथेच. मग ठरलं: कॉर्नर मिळाला की आम्ही स्टिक बदलायच्या. मी स्टॉपर, ती माझ्या शेजारीच उभी, अवघड ते काय? पुढच्या सामन्यात कॉर्नर मिळाला, अदलाबदल केली, आणि समोरच्या क्लबच्या वयस्कर पंचांनी शिट्टी वाजवून दोघींना बोलावलं. पेनल्टी कॉर्नर दिल्यापासून तो संपेपर्यंत स्टिक बदलता येत नाही. मोडली किंवा नियमात बसेनाशी झाली तरच. मला हा नियम माहीत नव्हता. खरं सांगायचं तर तसा काही नियम असेल असं मनातही आलं नव्हतं. "आपापली स्टिक घ्या बाई, वेळ जातोय," एवढंच ते पंच बोलले. तिनं स्वतःच्या स्टिकनं फ्लिक मारला, पोस्टच्या बाहेरून गेला.

तेव्हापासून आम्ही मध्यंतरात बदलतो. दुसरा पूर्ण हाफ ती माझ्या स्टिकनं खेळते आणि मी तिच्या. पाच सामने झाले. तिचे कॉर्नरवर तीन गोल झाले. आणि या पाच हाफमध्ये, अगदी शेवटच्या दमलेल्या दहा मिनिटांत हिट मारूनसुद्धा, माझा एकही बॉल घोट्याच्या वर गेला नाही. परवा सामन्यानंतर ती स्टिक परत द्यायला आली. म्हटलं, राहू दे तुझ्याकडे. पुढच्या रविवारी येताना तुझीच माझ्यासाठी घेऊन ये, आणि ग्रिप तेवढी बदलून आण, फार गुळगुळीत झालीय.