ॲम्प गुणगुणतोय: ट्यूब बदलायची की कपॅसिटर?

गिटारची केबल काढलेली, सगळे व्हॉल्यूम शून्यावर, तरी स्पीकरमधून एकसुरी घूं चालूच. अशा वेळी पहिला खर्च हमखास ट्यूबच्या, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या काचेच्या व्हॉल्व्हच्या, नव्या सेटवर होतो, कारण ट्यूब हाताने निघते आणि कपॅसिटरसाठी ॲम्प उघडावा लागतो. पण नेमक्या याच आवाजात तो सेट सहसा फुकट जातो. म्हणून दोन्ही पर्याय शेजारी ठेवून बघू. उदाहरणाला फेंडरचा डिलक्स रिव्हर्ब घेतलाय, १९६०च्या दशकातलं एबी७६३ सर्किट.

आधी कान लावा

जाड ई तारेचा तिसरा फ्रेट दाबून वाजवा. तो जी, म्हणजे ९८ हर्ट्झ. ॲम्पची घूं या सुराला चिकटत असेल तर ती १०० हर्ट्झची आहे: एसीचा डीसी करणाऱ्या रेक्टिफायरनंतर उरलेली लहर, जी फिल्टर कपॅसिटरने गिळायला हवी होती. घूं त्याच जीच्या खालच्या सप्तकात असेल तर ती ५० हर्ट्झ, म्हणजे हीटर (ट्यूब तापवणारी तार), अर्थिंग किंवा बायसचा (पॉवर ट्यूबचा करंट आवरणाऱ्या व्होल्टेजचा) पुरवठा. अमेरिकी व्हिडिओंत ६० आणि १२० हे आकडे ऐकू येतील. तिथली वीज ६० हर्ट्झची. आपल्याकडे ५० आणि १००च धरा.

केबल लावल्यावरच येणारी आणि गिटार फिरवली की कमी-जास्त होणारी घूं सिंगल कॉइल पिकअपची. तिच्यासाठी ॲम्पला हात लावू नका.

ट्यूबची बाजू

खरखर, कडकड, शिट्टी, ठोका बसला की ठणठण: हे ट्यूबचे आवाज. व्हॉल्यूम फिरवल्यावर आवाज वाढत असेल तर त्याचा उगम व्हॉल्यूमच्या आधीच्या स्टेजमध्ये आहे. पेन्सिलच्या लाकडी टोकाने एकेका प्रीॲम्प (सुरुवातीच्या छोट्या) ट्यूबवर हलकेच टकटक करा. पहिली ट्यूब थोडी वाजणारच, तिच्यापुढे सगळी ॲम्प्लिफिकेशन आहे. पण टकटक थांबल्यावरही ठणका रेंगाळला किंवा शिट्टी सुटली तर ती ट्यूब गेली.

मग ॲम्प बंद करा, मागून बघताना उजवीकडची पहिली ट्यूब काढा, पुन्हा चालू करा. आवाज तसाच? पुढची काढा. या ॲम्पमध्ये सहावी, म्हणजे फेज इन्व्हर्टरची (दोन्ही पॉवर ट्यूबना सिग्नल वाटून देणारी) १२एटी७ काढल्यावरही घूं राहिली, तर प्रीॲम्प निर्दोष आहे. पॉवर ट्यूब (स्पीकर चालवणाऱ्या मोठ्या ट्यूब) चालू ॲम्पमधून कधीही उपटू नका, आणि स्पीकर तोडून ॲम्प चालवू नका. हीटर सिरीजमध्ये असलेल्या जुन्या ॲम्पमध्ये ही युक्ती चालत नाही, एक काढली की सगळ्या विझतात.

इथे पुष्कळ जण फसतात. ट्यूब काढल्यावर कडकड थांबली म्हणजे ट्यूबच दोषी, असं नाही. ट्यूब काढली की तिच्या प्लेटला वीज पोचवणाऱ्या प्लेट रेझिस्टरमधून करंटच वाहत नाही, मग बिघडलेला रेझिस्टरही गप्प होतो. चांगली माहीत असलेली १२एएक्स७ (प्रीॲम्पची नेहमीची ट्यूब) त्याच जागी लावा. कडकड परत आली तर तो १०० किलोओहमचा जुना कार्बन रेझिस्टर काढून १ वॅटचा मेटल फिल्म लावा. काम काही रुपयांचं. ट्यूबच खराब निघाली तर तेवढी एकच घ्या, अख्खा सेट नको.

कपॅसिटरची बाजू

व्हॉल्यूमला दाद न देणारी १०० हर्ट्झची घूं, जोडीला मऊ पडलेला बास आणि कधी मंद फटफट: हे वाळलेल्या इलेक्ट्रोलिटिक (आत द्राव असलेल्या) फिल्टर कपॅसिटरचं लक्षण. वीस वर्षं उलटलेल्या ॲम्पमध्ये मूळ कपॅसिटर असतील तर मी चाचणीचीही वाट बघणार नाही. फुगलेलं टोक किंवा गळलेला चिकट द्राव दिसला तर प्रश्नच मिटला.

एक अपवाद तपासून घ्या. पुश-पुल, म्हणजे पॉवर ट्यूब जोडीने चालणाऱ्या, ॲम्पमध्ये पुरवठ्यातली लहर दोन पॉवर ट्यूबच्या बाजूंनी एकमेकींना रद्द करते. एका ट्यूबचा करंट दुसरीपेक्षा बराच वेगळा असेल तर चांगल्या कपॅसिटरवरही घूं येते. दोन्हींचे करंट मोजा, चारपाच मिलिॲम्पच्या आत असू द्या. १०० हर्ट्झच्या तक्रारीत ट्यूबवर खर्च रास्त ठरतो तो इथेच.

काम मात्र जोखमीचं आहे. डिलक्स रिव्हर्बमध्ये ४१५ व्होल्टच्या आसपास डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही तो कपॅसिटरमध्ये टिकतो. १० किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर फिल्टर कपॅसिटरचं धन टोक आणि चॅसिस (ॲम्पचा धातूचा सांगाडा) यांमध्ये क्लिपने लावून दहा सेकंद धरा, मग प्रत्येक कपॅसिटर मीटरने स्वतंत्र मोजा. सोल्डरिंगचा सराव नसेल तर हे जाणत्या कारागिराकडे द्या, आणि सगळेच बदलायला सांगा; एक बदलून चार म्हातारे ठेवण्यात अर्थ नाही.

मूळ १६ मायक्रोफॅरडच्या जागी २२ मायक्रोफॅरड, ५०० व्होल्ट चालतो. घूं आणखी कमी होईल म्हणून रेक्टिफायरनंतरच्या पहिल्या टप्प्यात भलता मोठा लावू नका: जीझेड३४ रेक्टिफायर ट्यूबला ६० मायक्रोफॅरडची मर्यादा आहे, त्यापुढे चालू करतानाच्या धक्क्यात ती जळू शकते.

घूं ५० हर्ट्झची असेल तर बायसचा छोटा कपॅसिटर आणि हीटरचे १०० ओहमचे दोन रेझिस्टर बघा. पॉवर ट्यूब शॉर्ट झाल्यावर यातला एखादा बऱ्याचदा जळालेला सापडतो. बायसचा पुरवठा ऋण असल्यामुळे त्या कपॅसिटरचं धन टोक चॅसिसकडे जातं. सवयीने उलटा लावलात तर बायस कोसळतो आणि पॉवर ट्यूबच्या प्लेट लालबुंद होतात.

म्हणून काम झाल्यावर ॲम्प थेट प्लगमध्ये न घालता १०० वॅटच्या साध्या फिलामेंटच्या बल्बच्या सिरीजमध्ये चालू करा. बल्ब उजळून मंद झाला तर ठीक. भगभगीत राहिला तर लगेच बंद करा, आणि आधी बायसच्या कपॅसिटरची दिशा बघा.