भिंतीवरचा कोल्खिस-इबेरिया: शाळा-वाचनालयांसाठी नकाशाचं परीक्षण

प्राचीन जॉर्जियाच्या टोळ्या आणि तिथली पहिली राज्यं दाखवणारा हा मराठी नकाशा रत्नागिरी-चिपळूणकडच्या शालेय साहित्याच्या दुकानांत साडेसहाशे रुपयांना मिळतो. १०० बाय ७० सेंटिमीटरचा कागद, पुढून लॅमिनेशन, वर-खाली लाकडी पट्ट्या, वरून टांगायची तीन पारदर्शक प्लास्टिकची पानं आणि २४ पानी पुस्तिका असा संच आहे. प्रमाण १ सेंटिमीटरला १० किलोमीटर. घेण्याजोगा ठरतो तो मूळ कागदावर नीट छापलेल्या डोंगर-नद्यांमुळे.

त्यातली लिखी रांग आधी दाखवा. मोठा कॉकेशस आणि धाकटा कॉकेशस यांना जोडणारी ही आडवी रांग. तिच्या पश्चिमेला रिओनी नदी, म्हणजे ग्रीकांची फासिस, काळ्या समुद्राला मिळते. पूर्वेला मत्क्वारी कास्पियनकडे जाते. पश्चिमेचं कोल्खिस दमट, दलदलीचं, रानाचं. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटीसच्या नावावर असलेल्या लेखनात तिथली लाकूड-बोरूची घरं आणि पाण्यातून होड्यांनी होणारी ये-जा वर्णिली आहे. पूर्वेचं इबेरिया, म्हणजे कार्तली, त्या मानाने कोरडं. बातुमीला वर्षाला सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस पडतो, तिबिलिसीला सुमारे ५००. सह्याद्रीने कोकण आणि देश वेगळे केले, तसंच हे. दोन वेगळी राज्यं का उभी राहिली, हे आपल्याकडच्या मुलांना इथेच कळतं. फरक एवढाच की तिथला पाऊस मोसमी नाही, वर्षभर पडतो. पुस्तिकेत हे यायला हवं होतं, आलेलं नाही.

गावं नेमकी जागेवर आहेत. फासिस हे नदीच्याच नावाचं गाव (आजचं पोती) ते इबेरियाची राजधानी म्त्सखेता पट्टीने मोजलं तर २५ सेंटिमीटर भरतं, फासिस ते वानी ७, फासिस ते डायोस्कुरियास (सुखुमी) ११. प्रत्यक्ष अंतरांशी हे जुळतं.

पारदर्शक पानांत मात्र जपून. पहिल्यावर इ.स.पू. आठव्या शतकातले दियाउएही लोक आणि कुल्हा राज्य. दोन्ही नावं दक्षिणेकडच्या उरार्तू राज्याच्या राजांच्या शिलालेखांत येतात: मेनुआ आणि पहिला अर्गिश्ती दियाउएहीशी लढले, दुसरा सार्दुरी कुल्हाशी, आणि कुल्हा म्हणजे कोल्खिस असं बहुतेक अभ्यासक धरतात. इथवर ठीक. पण दियाउएहीभोवती ठळक सीमारेषा ओढून त्यांना बेधडक ‘जॉर्जियन’ म्हटलं आहे. त्यांची भाषा कोणती, यावर अजून वाद आहे. सीमा पेन्सिलीने तुटक करून घ्या. पुस्तिकेत ऐएतीस राजाला काळ देऊन टाकलाय, तोही खोडा. सोनेरी लोकरीच्या दंतकथेतला राजा आहे तो. नदीत मेंढीची कातडी पसरून सोन्याचे कण पकडत, ही ग्रीक भूगोलकार स्ट्राबोने नोंदवलेली माहिती त्याच जागी लिहिता येईल.

दुसरं पान तिन्हींत उत्तम. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या यादीतले मोस्खोई, तिबारेनोई, माक्रोन, मोसिनोइकोई आणि मारेस हे पाच गट मिळून इराणी सम्राटाला ३०० टॅलेंट चांदी देत. कोल्खियन लोकांचा नजराणा वेगळा, १०० मुलगे आणि १०० मुली. ही माहिती नकाशावरच बारीक अक्षरात दिली आहे, त्यामुळे टोळ्यांची नुसती नावं पाठ करावी लागत नाहीत. खोट एकच: सगळ्या टोळ्यांना एकच हिरवा रंग. त्या सगळ्याच कार्तवेली, म्हणजे जॉर्जियनच्या कुळातल्या, भाषा बोलत होत्या असं ठामपणे सांगता येत नाही.

तिसरं पान इ.स.पू. ६५ चं, रोमन सेनापती पाँपेने इबेरियाच्या अर्ताग राजावर स्वारी केली त्या वर्षाचं. इथे कोल्खिस स्वतंत्र राज्य दाखवलं आहे, ती सरळ चूक. त्याआधीच ते काळ्या समुद्राच्या दक्षिण काठावरच्या पाँटस राज्याच्या सहाव्या मिथ्रिदातीस राजाच्या ताब्यात गेलं होतं.

आता टांगण्याचं. लॅमिनेशन एकाच बाजूने असल्यामुळे पावसाळ्यात मागचा कागद ओल ओढून फुगतो, पुढची फिल्म फुगत नाही, आणि कडा पुढे वळतात. मीटरभर कागद दोन-तीन मिलिमीटर सहज वाढतो. प्लास्टिकचं पान आहे तेवढंच राहतं, म्हणून खुणा सरकतात. म्त्सखेता अराग्वी-मत्क्वारीच्या संगमावर आहे आणि अर्माझीचा किल्ला मत्क्वारीच्या पलीकडच्या, उजव्या काठावर. नकाशावर दोघांत जेमतेम अडीच मिलिमीटर. जुलैत किल्ला नदी ओलांडून अलीकडे येतो!

उपाय: मागूनही लॅमिनेशन करून घ्या, कडेने ५ मिलिमीटर फिल्म मोकळी सोडून, म्हणजे कडा बंद होतात. हे काम नोव्हेंबर ते मे मध्येच. ओल्या कागदावर फिल्म चढवली की ओल आत अडकते आणि बुरशी धरते. जांभ्याच्या भिंतीला नकाशा टेकवू नका. मागे दोन इंचांच्या रिपा ठोकून हवा खेळती ठेवा, आणि झड येते ती पश्चिमेची भिंत टाळा. पानांच्या पितळी कड्या खाऱ्या हवेत हिरव्या पडतात आणि डाग उतरतात, स्टेनलेसच्या बसवा.

नकाशा तिसऱ्या पानावर, इ.स.पू. ६५ लाच थांबतो, हे मोठं न्यून. चौथं पान घरी करता येतं: १०० मायक्रॉनची पारदर्शक पॉलिएस्टर शीट, कायम शाईचा मार्कर, वर दोन भोकं. त्यावर म्त्सखेतापाशी रोमन सम्राट वेस्पासियनचा इ.स. ७५ चा शिलालेख, चौथ्या शतकात इबेरियाच्या मिरियान राजाने स्वीकारलेला ख्रिस्ती धर्म, पश्चिमेला जुन्या कोल्खिसच्या जागी आलेलं लाझिका म्हणजे एग्रिसी राज्य, आणि तिच्यासाठी बायझंटाइन-इराणी यांच्यात ५४१ ते ५६२ चाललेलं युद्ध. लाझिकाची पूर्व सीमा लिखीलगतच, पण तुटक रेषेने काढा.