आईच्या दंडावरचा शुगर सेन्सर: सात महिने वापरल्यानंतर

मे महिन्यात आईचा सेन्सर लावल्यापासून नवव्या दिवशीच गळून पडला आणि तेव्हाच ठरवलं की हे लिहायचं. दंडाला चिकटवायचं हे छोटं यंत्र साखर सतत मोजतं आणि आकडा फोनवरच्या ॲपमध्ये दाखवतं. १४ दिवसांचा सेन्सर मला ४,५०० ला पडतो, म्हणजे दिवसाला ३२१ रुपये. पाच दिवस आधी पडला म्हणजे १,६०० रुपये पाण्यात. तो परत चिकटवता येत नाही, कारण कातडीखाली जाणारी बारीक तार एकदा बाहेर आली की संपलं.

आई ७१ वर्षांची, कुडाळला एकटी राहते. मी ठाण्यात. मधुमेह १६ वर्षांपासून. जानेवारीपासून आतापर्यंत दहा सेन्सर झाले: नऊ विकत घेतले, एक भांडून बदलून मिळाला. पहिले सहा सलग लावले, एप्रिलपासून महिन्याला एक.

आधी चिकटपट्टीबद्दल. दंडाच्या मागच्या बाजूला सेन्सर लावा, असं सांगतात. आपल्याकडच्या बायका तिथे काय घालतात? ब्लाउजची घट्ट बाही. बाहीची कड नेमकी सेन्सरच्या काठावर येते, हात वर केला की घासते. थंडीत निभावलं. एप्रिलच्या घामात अकराव्या दिवशी पडला, मेमध्ये नवव्या. हेल्पलाइनवर मला विचारलं, दरवाज्याला आपटला का, पोहताना निघाला का. बाही घासून निघाला म्हटल्यावर पलीकडचा मुलगा गप्प. त्याच्या यादीत ते कारणच नव्हतं! मग खोका मागितला, तो रद्दीत गेलेला. अनुक्रमांक ॲपमध्ये सापडला, फोटो पाठवले, चार फोन केले, १९ दिवसांनी बदली सेन्सर आला. ज्यांना मुलगी-मुलगा असा पाठपुरावा करायला नाही, त्यांनी काय करायचं?

इलाज आईनेच शोधला. तीन ब्लाउजच्या बाह्या उसवून दोन बोटं सैल केल्या. आंघोळीआधी दंडाला खोबरेल लावायची तिची सवय होती, ती सेन्सर लावायच्या आदल्या दिवसापासून बंद. स्पिरिटने पुसून जागा पूर्ण कोरडी होऊ द्यायची, आणि वरून कागदी टेप, मधलं भोक मोकळं ठेवून. जून आणि जुलैचे दोन्ही सेन्सर पूर्ण १४ दिवस टिकले.

आता आकड्यांबद्दल. फेब्रुवारीपर्यंत माझं मत होतं की हे यंत्र खोटं बोलतं. रात्री दोन वाजता माझ्या फोनवर अलार्म: साखर ५८, म्हणजे फारच कमी. आईला फोन करून उठवलं, तिने ग्लुकोमीटरने बोट टोचून पाहिलं, तर ११२. असं तीनदा झालं. चौथ्यांदा आईच म्हणाली, "अगो, मी डाव्या कुशीवर झोपलंय, सेन्सर खाली चेपता." तेच खरं होतं. सेन्सर रक्त नाही, कातडीखालच्या पेशींभोवतीचा द्रव मोजतो. दाब पडला की तिथे द्रव कमी पोचतो आणि आकडा खोटा खाली जातो. पुढचा सेन्सर उजव्या दंडावर लावला, ते अलार्म थांबले. रक्तातली साखर त्या द्रवात पोचायला वेळ लागतो, म्हणून आकडा रक्ताच्या पाच ते पंधरा मिनिटं मागे असतो. साखर खाल्ल्यावर सेन्सर अजून ६४ दाखवतोय म्हणून परत परत खाऊ नका. आई एकदा तसं करून २४० वर गेली. तीन चमचे साखर, पंधरा मिनिटं थांबा, मग बोट टोचून बघा.

आणि मग मार्चमध्ये माझं मत पूर्ण फिरलं. पहाटे साडेतीनला ६१. ती उजव्या दंडावर झोपली नव्हती. मीटरवर ६३. दुसऱ्या, तिसऱ्या रात्रीही तसंच. पहाटे घाम येतो, सकाळी डोकं जड असतं, हे आई दोन वर्षं सांगत होती. आम्ही वयावर घातलं. तिचं एचबीए१सी ६.८ होतं आणि सगळे शाबासकी देत होते. ती तपासणी साधारण तीन महिन्यांची सरासरी सांगते. दुपारचे चढ आणि पहाटेचे उतार एकमेकांत मिसळले की सरासरी छान दिसते.

डॉक्टरांनी आधी फोनवरचा आलेख बाजूला सारला. एवढं बघायला वेळ नाही, म्हणाले. पुढच्या वेळी आई स्वतःची वही घेऊन गेली, आणि सोबत १४ दिवसांचा एकपानी अहवाल छापून. वहीत असं लिहिलेलं: "पोहे ७.३०. तासाने २१८." खाली दुसऱ्या दिवशी: "पोहे निम्मे, शेंगदाणे जास्त, अंगणात १५ मिनिटं फेऱ्या. १७२." आणि लाल पेनाने: "पहाटे ३.३०. ६३. घाम." डॉक्टरांनी ते पान दोनदा वाचलं. रात्रीची ग्लिमेपिराइड बंद केली. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. पहाटेचा घाम त्या आठवड्यात थांबला. पुढच्या खेपेला त्यांनी आईला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, सकाळची गोळी किती हवी?" सोळा वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. बाहेर आल्यावर तिने मला दोनदा सांगितलं.

ठाण्यात बसून मला आईचा आकडा दिसतो, ही सोयही रुग्णांच्या घरातूनच आली आहे. २०१३ मध्ये अमेरिकेत जॉन कॉस्टिक या प्रोग्रामर बापाने आपल्या लहान मुलाच्या सेन्सरचे आकडे इंटरनेटवर दिसतील असा कोड लिहिला. त्यातून नाइटस्काउट हा अशा पालकांनी मिळून चालवलेला मोफत सॉफ्टवेअरचा प्रकल्प उभा राहिला, आणि आम्ही वाट बघत बसणार नाही, हीच त्या पालकांची घोषणा झाली. म्हणून बाहीची तक्रार मी सोडणार नाही. साडीतल्या आईचा दंड कुणीतरी डिझाइन करताना बघायला हवा होता.

घ्यावा का? गोळ्यांवर स्थिर असाल, तर दर महिन्याला गरज नाही. खर्च मोठा आहे, आमचे सात महिन्यांत ४०,५०० गेले. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल आणि घरात म्हातारं माणूस एकटं झोपत असेल, तर एकदा तरी १४ दिवस लावाच. पट्ट्या आणि ग्लुकोमीटर मात्र जवळ ठेवा.

ऑगस्टचा सेन्सर अजून घेतलेला नाही. आई म्हणते, गणपतीतच लावायचा, उकडीचे दोन मोदक खाल्ल्यावर काय होतं ते तिला वहीत लिहायचंय. नव्या दोन ब्लाउजची मापं तिने शिंप्याकडे दिली आहेत, बाही सैल सांगून.