यकृताच्या शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा: नेहमीची पद्धत की परिचारिकेच्या देखरेखीखालची?

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या रुग्णाला यकृताचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया सांगितली की बहुधा नाशिक, छत्रपती संभाजीनगर, पुणे नाहीतर मुंबई गाठावी लागते. सर्जन कोण आणि खर्च किती यावर घरात रात्र रात्र चर्चा होते. पण शस्त्रक्रियेनंतर रुग्णाकडे रोज कोण पाहणार, हे क्वचितच विचारले जाते.

नेहमीच्या पद्धतीत आदल्या रात्रीपासून उपास, नंतर नाकात नळी, पोटाला ड्रेन (आत साठणारे पाणी बाहेर काढणारी नळी) आणि ‘टाके आहेत, हलू नका’ अशी ताकीद असते. दुसऱ्या, म्हणजे परिचारिकेच्या देखरेखीखालच्या पद्धतीचे मूळ डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या विचारांत आहे, आणि यकृतासाठीच्या तिच्या मार्गदर्शक सूचना २०१६ मध्ये प्रसिद्ध झाल्या. तीत जेवण भूल देण्याच्या ६ तास आधीपर्यंत आणि साधे पाणी २ तास आधीपर्यंत सहसा चालते, नाकातली नळी सरसकट ठेवत नाहीत आणि दुसऱ्या दिवसापासूनच खाणे व चालणे सुरू करतात. हे सगळे प्रत्यक्षात उतरवण्यासाठी सतत कोणीतरी रुग्णाजवळ असावे लागते आणि ते काम परिचारिकाच करते.

माझ्या मामेबहिणीच्या वेळी हे मी जवळून पाहिले. डॉक्टरांनी विचारले की ती ‘बरं शे’ (बरं आहे) एवढेच म्हणायची. परिचारिकेने मात्र पोटाशी उशी धरायला लावून तिला खोकायला सांगितले, तिचा चेहरा पाहिला आणि वेदनाशामकाबद्दल लगेच डॉक्टरांशी बोलली. दुखण्यामुळे श्वास उथळ राहिला की छातीत कफ साठून न्यूमोनिया होण्याची भीती असते, हे तिने आम्हाला तिथेच समजावले. घरी सोडण्यापूर्वी मुगाचे वरण, दही, अंडी असा आहार ठरवून दिला आणि धोक्याची लक्षणे बहिणीकडून तोंडी म्हणवून घेतली.

थोरल्या भावाची शस्त्रक्रिया दुसऱ्या एका ठिकाणी झाली होती. त्याला ड्रेनच्या पिशवीसह घरी पाठवले. पिशवीतले लालसर पाणी हिरवट-पिवळे झाले, तेव्हा रक्त थांबले म्हणून आम्हाला बरेच वाटले. ती पित्ताची गळती होती. विचारायला फोन नंबर नव्हता, त्यात दोन दिवस गेले.

तरीही सर्जनच्या अनुभवात मोठा फरक असेल, तर अनुभवच निवडावा. शुश्रूषा कितीही चांगली असली तरी ती शस्त्रक्रियेची उणीव भरून काढत नाही. सर्जन तोडीस तोड असतील, तर परिचारिका शस्त्रक्रियेआधी भेटते आणि घरी गेल्यावर फोन करते असे रुग्णालय मी निःसंशय निवडीन. सिरॉसिस (यकृत कठीण होत जाण्याचा आजार) किंवा मधुमेह असेल, तर डिस्चार्जनंतरच्या पहिल्या तपासणीपर्यंत त्याच शहरात राहावे, खोलीचे भाडे भरावे लागले तरी. गावी परतल्यावर रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून काहींना चार आठवड्यांपर्यंत इंजेक्शने लागतात. ती स्थानिक परिचारिका देऊ शकते, पण तिचे आणि रुग्णालयातल्या परिचारिकेचे आधी बोलणे करून द्यावे. ताप, डोळे पिवळे होणे, पोट फुगणे, काळी शौच, असंबद्ध बोलणे यांपैकी काहीही दिसले, तर काविळीच्या झाडपाल्यात वेळ न घालवता थेट रुग्णालयाला कळवावे.

आणि डिस्चार्जच्या कागदावरचा नंबर वॉर्डात असतानाच, शक्यतो रात्री, एकदा लावून पाहावा.